चित्रपट, छायाचित्र आणि साहित्यातलं चित्रण व ओळख: लघुशोधप्रबंध लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए.चा लघुशोधप्रबंध किंवा चार वर्षांच्या पदवीतला संशोधन प्रकल्प करणाऱ्या मराठी, माध्यम, समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यासाच्या विद्यार्थ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम महाराष्ट्रातली घेतली आहेत, म्हणजे उत्तर वाचून झाल्यावर मूळ पुस्तक किंवा चित्रपट उघडून ताडून पाहता येईल.

'रिप्रेझेंटेशन'ला मराठीत काय म्हणायचं? 'चित्रण' की 'प्रतिनिधित्व'?

दोन्ही, पण वेगवेगळ्या ठिकाणी. इंग्रजीत एकच शब्द जी दोन कामं करतो, त्यांसाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि हा मोठा फायदा आहे. एखाद्या माणसाला किंवा समाजाला कसं रंगवलं आहे, हे 'चित्रण'. कोणाच्या वतीने कोण बोलतं, कॅमेऱ्यामागे, लेखनात, संपादनात कोण आहे, हे 'प्रतिनिधित्व'. मासेमारी करणाऱ्या बाईचं चित्रण अतिशय आदराचं असू शकतं आणि तरीही ते घडवणाऱ्यांत त्या समाजातलं एकही माणूस नसतं. या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळल्या की प्रबंध पहिल्याच प्रकरणात घसरतो. शीर्षकात कोणता शब्द घेतला आणि का, हे प्रस्तावनेत चार ओळींत सांगा.

आणि 'ओळख' की 'अस्मिता'?

'अस्मिता' या शब्दाला मराठीत अभिमानाचा आणि राजकारणाचा रंग आहे. मेळाव्यात, घोषणेत, फलकावर दिसते ती अस्मिता. आडनाव, बोली, जातीचा दाखला, घर कोणत्या वस्तीत आहे, यातून रोज ठरते ती ओळख. बाबूराव बागुल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला नायक नोकरीच्या गावी जात लपवून खोली घेतो. तिथे प्रश्न ओळखीचा आहे. त्या कथेवर 'दलित अस्मितेचे दर्शन' असं शीर्षक दिलं, तर कथेतली भीतीच नाहीशी होते.

माझा विषय 'मराठी चित्रपटातील स्त्री' असा आहे. चालेल का?

नाही. एवढ्या विषयात आयुष्य जाईल आणि हाती सर्वसाधारण विधानंच लागतील. विषय तीन ठिकाणी कापा: काळ, समूह आणि घटक. काळ म्हणजे दहा-पंधरा वर्षं. समूह म्हणजे नुसत्या 'स्त्रिया' असं न म्हणता ऊसतोड करणाऱ्या, कोर्टात साक्ष देणाऱ्या किंवा घरकामाला जाणाऱ्या. तिसरा काप सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेक जण विसरतात: घटक. संवाद, पोशाख, आवाज, चौकटीतली जागा, निवेदकाचं सर्वनाम, फोटोखालची ओळ, यांपैकी एक किंवा दोन निवडा. 'स्त्रीचं चित्रण' हाताला लागत नाही, पण 'बाई बोलत असताना कॅमेरा कोणावर आहे' हे मोजता येतं.

शोधप्रश्न बरोबर झाला की नाही हे ओळखण्याची खूण अशी: उत्तर काय येईल हे आधीच ठाऊक असेल, तर तो प्रश्न नव्हे. 'व्यावसायिक चित्रपटात स्त्रीला दुय्यम स्थान दिले आहे का?' याचं उत्तर प्रकल्प न करताही देता येतं.

किती कलाकृती घ्याव्यात?

चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा पर्याय असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात प्रबंधाला १२ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. एवढ्या कामाला आणि एम.ए.च्या लघुशोधप्रबंधाला आमच्या मते ही मापं पुरतात: पूर्ण लांबीचे दोन, फार तर तीन चित्रपट. किंवा दोन आत्मकथनं. किंवा एकाच मालिकेतली २० ते ३० छायाचित्रं, त्यांतल्या ६ ते ८ छायाचित्रांचं बारीक वाचन. दहा चित्रपट घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला कथानकाचा सारांशच येतो, आणि सारांश म्हणजे विश्लेषण नव्हे.

तिन्ही माध्यमं एकत्र घेता येतील का?

येतील, पण तिघांना बांधणारी बिजागरी हवी. 'दलित जीवन' ही बिजागरी होत नाही, ती फार रुंद आहे. एखादं काम, एखादी जागा, एखादी वस्तू किंवा एखादी घटना निवडा.

मुंबईचे सफाई कामगार घ्या. सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रं काढली. त्यांत कामगाराचं शरीर आणि त्याचं काम थेट समोर येतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये मॅनहोलमध्ये मेलेला कामगार, वासुदेव पवार, पडद्यावर एकदाही दिसत नाही. तो आरोपपत्रात आणि वकिलांच्या तोंडी येतो आणि शेवटी बायकोच्या साक्षीत थोडासा जिवंत होतो. उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं की खाली हवा आहे असं समजायचा, हे तिच्याकडून कळतं. एका माध्यमात शरीर दिसतं, दुसऱ्यात शरीर गायब आहे आणि कागद दिसतो. का? या एका 'का'वर पूर्ण प्रबंध उभा राहतो. तिसरं माध्यम ओढूनताणून जोडण्याची गरज नाही. दोन माध्यमांचा नीट केलेला प्रकल्प तिन्हींच्या पसाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला.

चित्रपट 'वाचायचा' म्हणजे नक्की काय करायचं?

चार वेळा पाहायचा. पहिल्यांदा सलग, वही बंद ठेवून. दुसऱ्यांदा प्रसंगांची यादी करत: क्रमांक, सुरुवातीची वेळ, जागा, कोण आहे, एका ओळीत काय घडतं. साधारण दोन तासांच्या चित्रपटाची ही यादी चार-पाच पानांची होते. त्या यादीतून पाच ते सात प्रसंग निवडायचे आणि तिसऱ्यांदा फक्त तेवढेच, शॉट थांबवत पाहायचे. चौथ्यांदा पुन्हा सलग, आपला निष्कर्ष खोटा ठरवणारा प्रसंग शोधत. ही चौथी फेरी वेळ नाही म्हणून टाळली जाते आणि परीक्षक नेमका तोच प्रसंग काढतात.

निवडलेल्या प्रसंगांसाठी सात रकाने आखा: शॉट क्रमांक, सेकंद, कॅमेऱ्याचं अंतर, कॅमेऱ्याची उंची, कोण दिसतं, कोण बोलतं, कोणता आवाज. 'कोण दिसतं' आणि 'कोण बोलतं' हे रकाने वेगळेच हवेत.

आवाजाचा रकाना का हवा, ते नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधून कळतं. शाळकरी नायक जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर मात्र थांबत नाही. प्रसंगाचा सगळा अर्थ आवाजात आहे. नुसती चित्रं पाहून 'ते थांबले' एवढंच लिहिता येईल. त्याच चित्रपटात काठीला बांधलेलं डुक्कर ज्या भिंतीसमोरून नेतात, तिच्यावर आंबेडकर, सावित्रीबाई यांच्यासारख्या समाजसुधारकांची चित्रं आहेत. या दृश्यावर बहुतेक विद्यार्थी 'विरोधाभास दाखवला आहे' असं लिहून पुढे जातात. तिथेच थांबा. दोन्ही एकाच चौकटीत आहेत की कट करून जोडले आहेत? पात्रं भिंतीकडे पाहतात का? नजर कोणाची आहे, गावाची, पात्रांची की आपली? उत्तरं तक्त्यात लिहा, मगच वाक्य लिहा.

माझ्या नोंदीतली वेळ मार्गदर्शकांच्या प्रतीशी जुळत नाही. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होतो, पण आपल्याकडची डीव्हीडी पाल (भारतातल्या टीव्हीच्या) पद्धतीची असेल तर ती सेकंदाला २५ चौकटींनी चालते. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट साधारण ११५ मिनिटांत संपतो आणि शेवटाकडच्या प्रसंगात पाच मिनिटांचा फरक पडतो. ओटीटीवरच्या प्रतीत सुरुवातीच्या पाट्या कमी-जास्त असतात, टीव्हीच्या प्रतीत प्रसंगच कापलेले असतात. यूट्यूबवर जुने चित्रपट अनेकदा रुंद पडद्यासाठी ताणलेले किंवा वरून-खालून कापलेले असतात. अशा प्रतीवरून चौकटीच्या रचनेबद्दल लिहिणं धोक्याचं. उपाय सोपा: एकच प्रत वापरा, ती कोणती, किती मिनिटांची आणि कधी पाहिली हे पहिल्या तळटीपेत लिहा.

जुन्या छायाचित्रात अभ्यासायचं काय? त्यात तर माणूस नुसता उभा असतो.

तो नुसता उभा नाही, त्याला उभं केलं आहे. विल्यम जॉन्सन यांचं मुंबईच्या लोकांवरचं 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हे दोन खंडी पुस्तक १८६३ आणि १८६६ साली आलं. त्यातल्या चित्रांत माणसांचे फोटो वेगळे काढून मुंबईतल्या जागांच्या फोटोंवर बसवले आहेत. म्हणजे माणूस त्या जागी उभाच नव्हता! कडांवर भिंग धरलं, सावल्यांची दिशा पाहिली की सांधा दिसू लागतो. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले, साडेचारशेहून अधिक छायाचित्रांचे. तिथे माणसाचं नाव क्वचित, जात-जमातीचं नाव मात्र ठळक. एका माणसाचा फोटो पूर्ण समाजाचा नमुना कसा ठरवला जातो, हे त्या मथळ्यांमधून उघड होतं.

म्हणून प्रत्येक छायाचित्रासाठी आधी ही माहिती गोळा करा: कोणी काढलं, कोणी काढायला सांगितलं, पैसे कोणी दिले, पहिल्यांदा कुठे छापलं, खाली काय लिहिलं, मूळ आकार किती, मागच्या बाजूला काय आहे. मगच चौकटीच्या आत शिरा: हात कुठे आहेत, नजर कुठे, पाय अनवाणी आहेत का, पार्श्वभूमी पडद्याची की खरी. इंटरनेटवरची प्रत बहुतेकदा कापलेली असते आणि मथळा गळालेला असतो. मथळ्याशिवाय हा अभ्यास अर्धा राहतो.

प्रबंधात छापायला १५ सेंटीमीटर रुंद चित्राला ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १,७७० पिक्सेल रुंदी लागते. व्हॉट्सॅपवरून आलेली प्रत चालत नाही, ती दाबली जाते आणि बारकावे जातात.

आत्मकथनातला 'मी' म्हणजे लेखकच ना?

तसं धरून चालू नका. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावं: एक गावाकडचं, एक कवी म्हणून मिळवलेलं. ऐकणारा आणि सांगणारा असे दोन तुकडे लेखकाने मुद्दाम केले आहेत. ते न पाहता 'लेखक म्हणतो' असं लिहीत गेलात, तर ओळखीवरच्या प्रबंधात ओळखीचाच मुद्दा निसटला.

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये याच्या उलट. शीर्षकातच 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. पुस्तकात वस्तीतल्या बायकांचं जगणं भरभरून येतं, स्वतःच्या संसाराबद्दल फार थोडं. करून पाहण्यासारखी गोष्ट: एक प्रकरण घ्या, 'मी' आणि 'आम्ही'ची क्रियापदं दोन रंगांनी अधोरेखित करा आणि मोजा. नंतर तेच ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) च्या एका प्रकरणावर करा. दोन पुस्तकांतला फरक सिद्धांताची आठवण न काढता समोर येतो. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, टोपल्या, सुपं. लेखिकेची आई ती विणायची, आणि पुस्तकाची वीणही तीच आहे. अशी शीर्षकं नुसती पाठ करू नका, विश्लेषणात वापरा.

इंग्रजी अनुवादावर काम केलं तर?

मूळ मराठी वाचता येत असताना अनुवादावर विसंबू नये. 'जिणं आमुचं'चा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला. त्याचं 'द प्रिझन्स वी ब्रोक' हे शीर्षक तोडलेल्या तुरुंगांबद्दल बोलतं, मूळ शीर्षक नुसतं जगण्याबद्दल. वाचकाची अपेक्षा शीर्षकापासूनच बदलते. बोलीचे फरकही अनुवादात सपाट होतात. मात्र मराठी वाचता न येणाऱ्यांपर्यंत पुस्तक कसं पोहोचलं हाच प्रश्न असेल, तर अनुवाद हेच तुमचं मुख्य साधन.

मूळ उतारा देताना छापलं आहे तसंच द्या. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांतले 'कांहीं', 'नांव' यांवरचे अनुस्वार पुसू नका. बोलीतले शब्द प्रमाण मराठीत 'दुरुस्त' करणं ही तर सरळ चूक, कारण भाषा हीच तिथे ओळख आहे.

सिद्धांत किती वापरायचा?

एक किंवा दोन, पण पचवून. स्टुअर्ट हॉल, लॉरा मल्व्ही, गायत्री स्पिव्हाक या सिद्धांतकारांची नावं दुसऱ्या प्रकरणात येतात आणि नंतर पुन्हा दिसतच नाहीत, ही नेहमीची अवस्था. जो सिद्धांत विश्लेषणाच्या प्रकरणात कामाला येत नाही, तो काढून टाका.

आणि सिद्धांत कुठे जन्मला ते पाहा. पुरुषी नजरेबद्दलचा, म्हणजे कॅमेरा बाईला पुरुषाच्या डोळ्यांनी पाहतो या मुद्द्यावरचा, मल्व्ही यांचा लेख १९७५ चा, हॉलिवूडच्या चित्रपटांवर आधारलेला. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण त्या भूमिकेला बाई मिळाली नाही. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले पडद्यावर आल्या. या दोन चित्रपटांना तीच नजर जशीच्या तशी लावता येत नाही, तिच्यात फेरफार करावा लागतो. तो फेरफार म्हणजेच तुमचं योगदान. घरचे सिद्धांतही बाजूला ठेवू नका: शरणकुमार लिंबाळे यांचं दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावरचं लेखन, गोपाळ गुरू यांचा दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यावरचा १९९५ चा लेख, शर्मिला रेगे यांचं दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं २००६ चं पुस्तक.

मी त्या समाजातला नाही. लिहू का?

लिहा. पण तुम्ही कुठून पाहत आहात हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात स्पष्ट करा, आणि त्या समाजातल्या अभ्यासकांचं लेखन 'उदाहरण' म्हणून न देता युक्तिवाद म्हणून वापरा. समाजातले असाल तरी हा परिच्छेद लिहावाच. 'मी तिथला आहे म्हणून मला माहीत आहे' हा पुरावा धरला जात नाही. गाव, वय, लिंग, शिक्षण यांनी आतल्या माणसाचीही नजर बदलते.

शिव्या आणि जातिवाचक अपमानकारक शब्द उद्धृत करायचे का?

विश्लेषणाला गरज असेल तर अवतरणात, मूळ जसं आहे तसं. स्वतःच्या वाक्यात कधीही नाही. प्रस्तावनेत तशी सूचना द्या आणि सादरीकरणाच्या स्लाइडवर असे शब्द मोठ्या अक्षरात टाकू नका. समोर बसलेल्यांपैकी कोणाला तरी तो शब्द प्रत्यक्षात ऐकावा लागलेला असतो.

मुलाखती घ्यायच्या असतील तर?

पाच ते आठ पुरतात. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं: विषय काय, ध्वनिमुद्रण होईल का, नाव छापायचं की नाही, कधीही माघार घेता येईल. एका तासाच्या मुलाखतीचं लिप्यंतर करायला पाच-सहा तास जातात, वेळापत्रकात ते धरा. लोकांना चित्रपटातले किंवा छायाचित्रांतले स्वतःसारखे लोक दाखवून प्रतिक्रिया घेणार असाल, तर काय दाखवणार हे आधी सांगा. कोणालाही अचानक हिंसेचं दृश्य दाखवू नये.

चित्रं आणि स्थिरचित्रं (चित्रपटातून घेतलेल्या चौकटी) छापायला परवानगी लागते का?

प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापर करता येतो. विद्यापीठात सादर करायच्या प्रबंधात विश्लेषणापुरती, श्रेय देऊन घेतलेली स्थिरचित्रं त्यात बसतात. पुढे पुस्तक किंवा लेख छापायचा झाला, तर परवानगी मागा. चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतर ६० वर्षं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. संग्रहालयाकडची प्रत असेल तर त्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या लेखी घ्या.

साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, या तपासणीत) किती टक्के चालतं?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांना दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांत, श्रेयासह दिलेले उतारे यात मोजायचे नसतात. मात्र अवतरणं सारख्या पद्धतीने दिली नाहीत, तर सॉफ्टवेअरला ती ओळखू येतीलच असं नाही.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो आणि प्रबंध परत येतो. रूपांतर केलंच, तर रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासा, तीच तुटतात.

साहित्य कुठे मिळेल?

चित्रपटांसाठी पुण्यातलं १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जे २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाखाली आहे. पोस्टर, पुस्तिका, स्थिरचित्रंही तिथे आहेत. जायच्या आधी मार्गदर्शकांचं पत्र घ्या आणि नेमकी यादी पाठवा. जुन्या नियतकालिकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. चित्रपट प्रदर्शित झाला त्या आठवड्यातली परीक्षणं जरूर काढा. तेव्हाच्या प्रेक्षकांना काय खटकलं नाही, हे त्यांतून कळतं.

वेळ कसा वाटायचा?

सहा महिने असतील, तर विषय आणि शोधप्रश्नाला एक महिना, नोंदी आणि तक्त्यांना दोन, लेखनाला दोन, तपासणी आणि छपाईला एक. विश्लेषणाचं प्रकरण सगळ्यात आधी लिहा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

तोंडी परीक्षेला काय न्यायचं?

तक्त्यांची वही, मूळ पुस्तकाची खुणा केलेली प्रत आणि निवडलेल्या प्रसंगांच्या वेळा लिहिलेला एक कागद. 'हे तुम्हाला कुठे दिसलं?' असं विचारलं, की पान किंवा मिनिट सांगा.